पान एकदाच उलटायचं

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे एक पान उलटलं. ती वाचत होती आणि मी उलथनं घेऊन शेजारी बसलो होतो. पानाची शेवटची ओळ आली की ती पायाचा अंगठा माझ्या गुडघ्याला लावायची. तसा लावला. मी उलथनं पानाखाली सरकवलं, पान अलगद उचललं आणि डावीकडं झोपवलं. कोपरा तुटलाच. तिनं डोळे वटारले. टेपवर तिचं वाचन भरणं चालू असल्यामुळं तोंडानं काही बोलता येईना. पुढच्या पानाच्या चार ओळी वाचल्या न वाचल्या तोच लाईट गेली.

"राहू द्या आता," ती म्हणाली. "लाईट आली की बघू. मी भाकरी टाकते."

"मेथी कर," मी म्हणालो.

तिनं मेथी केली. सकाळचं जेवण झालं, ती भिंतीला टेकून बसली आणि तशीच गेली. मी ताटं उचलत होतो. डॉक्टर आला तो नुसती मान हलवायला.

लोक म्हणाले, असं मरण नशीबवानाला येतं. येत असेल. पण पुस्तक राहिलं त्याचं काय?

मला असं सांगायची सवय नाही. चौथी शिकलो, मग बैलामागं, आणि पुढं साखर कारखान्यात बॉयलरवर. फिटर म्हणून रिटायर झालो. माझ्या हाताला हातोडी आणि पक्कड ठाऊक. त्या हातात तिनं म्हातारपणी उलथनं दिलं, आणि ते पण घावन उलटायला नाही, पुस्तकाची पानं उलटायला. आमच्या गावात, देवळालीत, ही गोष्ट सगळ्यांना माहीत झाली होती. पारावर जाऊन बसलो की कुणीतरी विचारायचंच, "काय फिटर, आज किती पानं भाजली?"

तिचं नाव मी घेत नाही. तिला ते चालायचं नाही. पुस्तकं वाचून एवढ्या कॅसेटी भरल्या, पण एकीवरही स्वतःचं नाव घेतलं नाही. ज्याच्यासाठी हे सगळं सुरू झालं तो आमचा फोनचा बूथवाला म्हणायचा, "मावशी, रेडिओवरची बाई नाव सांगते की."

"तिला पगार आहे," ही म्हणायची.

तिचे वडील नगरात बुकबाइंडर होते. त्यांना सगळे आप्पा म्हणायचे. कोर्टाची दप्तरं, शाळांची रजिस्टरं आणि लोकांच्या घरची जुनी पुस्तकं बांधायचे. लोक पुस्तक बांधायला टाकायचे आणि न्यायला विसरायचे. कुणाची बदली व्हायची, कुणी मरायचं. आप्पांनी त्यातलं एकही रद्दीत घातलं नाही. ते गेले तेव्हा दुकान माझ्या मेव्हण्याकडं आलं आणि ही विसरलेली पुस्तकं हिनं मागून घेतली. मेव्हणा तेव्हा म्हणाला होता, "ने बाई, जागा तरी होईल." लोखंडी ट्रंक भरून आमच्या घरी आली. ती उतरवताना माझ्या कमरेत उसण भरली, ती अजून थंडीत उठते.

तर पुस्तकं हिची खरी, पण हिच्या मनात कायम एक खुटखुट. मूळ मालक आला तर? म्हणून प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला ती सांगायची, "हे पुस्तक वाचणारीच्या स्वतःच्या मालकीचं आहे. परंतु आपल्या घरचं आहे असं कोणास वाटल्यास खूण पटवून घेऊन जावं."

मी म्हणालो, "अगं, बूथवाला आणि त्याच्या ओळखीची, ऐकणारी सगळी आंधळी माणसं. खूण कशी पटवायची त्यांनी?"

"शिलाई हाताला लागते," ती म्हणाली.

असं तिच्याकडं सगळ्याला उत्तर तयार असायचं. चूक की बरोबर ते नंतर बघायचं.

सुरुवात झाली ती भांडणातून. गावात एसटीडी बूथ आला तेव्हा ही आठवड्याला एकदा तिथं जाऊन नगरला भावाशी बोलायची. बोलायची म्हणजे भांडायची. दुकानात आप्पांचा फोटो कुठं लावला, कटिंगच्या मशीनला तेल घातलं का, असलं. बूथवाला दोन्ही डोळ्यांनी आंधळा. चाळिशीचा माणूस, बायको आहे, पोरं आहेत. एकदा ती फोन ठेवून निघाली तर म्हणाला, "मावशी, इतकं स्वच्छ भांडणारं माणूस मी ऐकलं न्हाई. एकेक अक्षर सुटं पडतंय. मला कायतरी वाचून दावा की. रेडिओवर ते लावतील तेच ऐकावं लागतंय."

ती घरी आली आणि ट्रंकेचं कुलूप काढलं. माझ्या रिटायरमेंटला बॉयलरवरच्या पोरांनी टू-इन-वन टेप दिला होता, तो तिनं त्या दिवशी माझ्याकडून काढून घेतला. मी त्यावर बातम्या ऐकायचो. त्यानंतर जगात काय चाललंय ते मला कळलं नाही, आणि माझं काही अडलंही नाही.

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे आमची मागची झोपायची खोली. चारी बाजूंनी दोरीवर गोधड्या टाकायच्या, खिडकीत उशी कोंबायची, पंखा बंद. मे महिन्यात त्या गोधड्यांच्या आत मी उघडा बसायचो, घामाच्या धारा लागलेल्या, आणि हातात उलथनं. एकदा शेजारीण साखर मागायला म्हणून आत डोकावली. पुढं चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

गाळपाचा हंगाम सुरू झाला की आमचे हाल. उसाचे ट्रॅक्टर दिवसभर रस्त्यावर, आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर गाणी, ती पण अशी की रस्ता हादरावा. ही रस्त्यावर जाऊन उभी राहायची आणि ट्रॅक्टर अडवायची. ड्रायव्हर घाबरून विचारायचा, "काय झालं आजी, कुणी आजारी हाय का?"

ही म्हणायची, "राजा वारलाय. जरा गुमान जा."

तो बिचारा गाणं बंद करून जायचा. कुठला राजा, कशाला वारला, कुणी विचारलं नाही.

वाचायची तिची पद्धत म्हणजे छापलंय ते सगळं. छापखान्याचं नाव, गल्लीचं नाव, किंमत, टपालहशील वेगळे, शुद्धिपत्र, मागची औषधाची जाहिरात. पानाला कसर लागून भोक पडलं असेल तर तेही सांगायची, "येथे किड्याने खाल्ले आहे, दोन शब्द गेले." मी म्हणायचो, अगं, अंदाजानं भर की, मला सुद्धा कळतंय तिथं काय असेल ते.

"तुम्हाला कळतंय तर तुम्ही पुस्तक लिहा. हे त्याचं आहे."

तिची बोटाला थुंकी लावून पान उलटायची जुनी सवय. त्यानं पहिल्याच पुस्तकाचं पान ओलं होऊन हातात आलं. तेव्हापासून तिला पानाला हात लावायची बंदी, तिनंच घातलेली, आणि उलथनं माझ्याकडं. पानं इतकी जुनी की उचलली की चिरायची. मग तिनं ठरवलं, पान एकदाच उलटायचं. आधी चाळून बघायचं नाही, मागं जायचं नाही. पान उलटलं की ते गेलं असं धरायचं. तुटलेले तुकडे ती बिस्किटाच्या डब्यात ठेवायची.

त्यामुळं झालं असं की पुढं काय आहे हे तिलाही माहीत नसायचं. जे ऐकणाऱ्याला कळायचं ते तिला त्याच वेळी कळायचं. ते सगळं कॅसेटीत आलंय. "आणि त्याने कपाटाचे दार उघडताच," इथं मी पान उलटायचो, आणि टेपवर हिचा आवाज, "अगं बाई." मग घसा खाकरून, "आत कोणीही नव्हते." बूथवाल्याला तेच आवडायचं. म्हणायचा, "मावशी, पुस्तकापेक्षा तुमी घाबरता ते झकास."

कोऱ्या कॅसेटी कुठून आणायच्या? निवडणूक झाली की प्रचाराच्या कॅसेटी टेम्पोवाल्यांकडं ढिगानं पडून असायच्या. ती मागून आणायची. कॅसेटीच्या मागची खाच कागदानं बुजवली की तिच्यावर पुन्हा भरता येतं, ते काम माझं. पण हिचं वाचन संपायचं आणि कॅसेट उरायची. एका पुस्तकात राजा मरायला टेकलाय. राणी पायाशी. ही इतक्या हळू आवाजात वाचत होती की मलाच भरून आलं. "राजाने डोळे मिटले." बाजू संपली. म्हणजे आम्हाला वाटलं संपली.

दुसऱ्या दिवशी बूथवाल्याचं पोरगं बोलवायला आलं. आम्ही गेलो. त्यानं कॅसेट लावली. राजाने डोळे मिटले, जरा खरखर झाली, आणि लगेच पुढारी गरजला, "बंधूंनो आणि भगिनींनो, ही झोपायची वेळ नाही."

बूथवर फोनला आलेली माणसं पोट धरून हसली. ही नाही हसली. घरी येताना मला म्हणाली, "तुम्ही पुसून का नाही घेतली?"

मी म्हणालो, "राजा उठला असता तर मला श्रेय दिलं असतंस का?"

मग हसली. पण चावडीपर्यंत आल्यावर.

लाडवांचं प्रकरण सगळ्यात मोठं झालं. ट्रंकेत एक घरगुती पुस्तक होतं, पुढं खायचे पदार्थ आणि मागं गुराढोरांची औषधं. कुणी विसरलेलं, पण तिच्या आईच्या वापरातलं, पानापानाला तेलाचे डाग. ती वाचत होती, "रवा मंद आचेवर बदामी रंगावर भाजून घ्यावा व त्यात." अंगठा लागला. मी उलथनं घातलं, पान झोपवलं. तिनं पुढं वाचलं, "एरंडेल तेल पाव शेर घालून कोमट असतानाच द्यावे."

मी म्हणालो, "एरंडेल? लाडवात?"

माझं हे बोलणं टेपवर आहे. तिचं उत्तरही आहे. "छापलंय," ती म्हणाली आणि पुढं वाचत गेली. तिच्या डोक्यात असं की जुनी माणसं धट्टीकट्टी उगाच नव्हती.

बूथवाल्याच्या बायकोनं कॅसेट ऐकून लाडू केले. पाव शेर नाही घातलं बाईनं, जरा बेतानं घातलं, तेवढ्यानं सगळे वाचले. नेमकी त्याची सासुरवाडीची माणसं आली होती. बूथ बंद. गावात ज्याला त्याला फोन करायची घाई आणि बूथला कुलूप. मग बूथवाला काठी टेकत आमच्या दारात आला, ओट्यावर बसला आणि शांतपणे म्हणाला, "मावशी, लाडू लई गुणकारी. माझा सासरा म्हणतोय, पुन्हा यायचा न्हाई."

आम्ही पुस्तक काढून बघितलं. मधली पानं तेलानं एकमेकांना चिकटलेली. सगळी जोडीनं उलटली होती. लाडू आत राहिले आणि बैलाच्या पोटफुगीचं औषध बाहेर आलं. ती म्हणाली, तुमचं उलथनं. मी म्हणालो, तुझ्या आईचे तेलकट हात. बूथवाला म्हणाला, "भांडा, भांडा. लई दिवसांनी ऐकतोय."

आणि तिचा कायदा. मेव्हण्याच्या दुकानात एक वकील यायचा, त्याला विचारून तिनं पक्कं करून घेतलं होतं की लिहिणारा मरून पन्नास वर्षं झाली की पुस्तक सगळ्यांचं, कुणीही वाचावं, कुणीही वाटावं. तोवर ते त्याच्या पोराबाळांचं. मग ती प्रत्येक लेखक कधी मेला ते शोधायची. लग्नात, बारशात, नगरचं कुणी म्हातारं मास्तर भेटलं की बाकीच्या बायका सुनांचं बोलतात, ही विचारायची, "हे गृहस्थ कधी वारले हो?" एकदा एक जण दचकून म्हणाला, "अहो, मी त्यांचा पुतण्या. काय काम होतं?" हिला इतका आनंद झाला की त्या माणसाच्या पानात तिनं दोनदा जिलेबी वाढायला लावली.

मी म्हणायचो, "मेलेला माणूस देवळालीला येऊन भांडणार हाय का?"

"त्याची नातवंडं असतात. आपल्याला नाहीत म्हणून जगाला नसतात का?"

आम्हाला मूलबाळ नव्हतं, हे तिच्या तोंडून असं सहज निघायचं आणि तसंच पुढं जायचं.

एका लेखकाची ती वर्षभर वाट बघत होती. जानेवारी लागला की सुटणार होता. कॅसेट तयार, गोधड्या धुतलेल्या. आणि सरकारनं कायदा बदलला. पन्नासाची साठ केली. वकिलानं फोनवर सांगितलं तेव्हा ती बूथमधून तांबडी होऊन बाहेर आली. "दहा वर्षं वाढवली त्याची. काय गुन्हा केला होता त्यानं?" ते पुस्तक तिनं वेगळ्या फडक्यात बांधून ठेवलं. अजून बांधलेलंच आहे.

आवाजासाठी तिनं काय काय सोडलं. दही सोडलं, चिंच सोडली, नगरची बाई असून ठेचा सोडला. मला मात्र भाकरीवर ठेचा वाढायची आणि मी खाताना समोर बसून बघायची. रोज सकाळी मिठाच्या पाण्यानं गुळण्या, त्याही अशा जोरात की शेजारच्यांची म्हैस त्या आवाजाला पान्हवायची. शेजारी म्हणायचा, "काकी, गावाला जाऊ नका, दूध आटतंय."

आता मेव्हण्याचं सांगतो. तो तिचा धाकटा भाऊ. तिला आक्का म्हणायचा, मला दाजी. माणूस वाईट नाही. बाइंडिंगला दिवस राहिले नाहीत म्हणून त्यानं दुकानात झेरॉक्स टाकलं आणि मग लॅमिनेशन. एकदा दुकानात कुणीतरी आप्पांनी बांधलेलं एक रजिस्टर घेऊन आलं. त्याची शिलाई बघून तो माणूस म्हणाला म्हणे, असा हात आता नगर जिल्ह्यात नाही. त्या दिवशी मेव्हण्याच्या डोक्यात उजेड पडला. आप्पांच्या हातचं आता शिल्लक काय? ट्रंक. तो पहिल्या एसटीनं आमच्याकडं आला. बघतो तर मी उलथनं घेऊन बसलेला आणि बिस्किटाच्या डब्यात तुकडे.

त्यानं डब्यात हात घातला आणि कपाळाला लावला. "आक्का, हे काय केलंस गं?"

"वाचलं," ती म्हणाली.

"अगं पण ही आप्पांची..."

"शिलाई आप्पांची. शिलाईला मी हात लावत नाही. पानं त्यांनी केली नव्हती."

त्याचं म्हणणं, काचेचं कपाट करू, दुकानात दर्शनी ठेवू, कुणी हात लावायचा नाही. तिचं म्हणणं, कुणी हात लावायचा नाही तर पुस्तक आहे का आजारी माणूस आहे? दोघं दिवसभर भांडली. दोघांचा आवाज एकसारखा, बापाकडून आलेला. बाहेर ओट्यावर बसून ऐकलं तर कळायचं नाही कोण कुणाला बोलतंय. मधे तो मला ओढायचा, "दाजी, तुम्ही तरी सांगा." मी म्हणायचो, "मी चौथी शिकलोय, मला पान उलटायचं काम हाय."

पुढच्या खेपेला तो एक सुटं पान घेऊन गेला, लॅमिनेट करून दाखवतो म्हणाला. आणलं ते काळं ठिक्कर. मशीनच्या आचेनं करपलं होतं, आणि वरून मात्र चकचकीत. तिनं ते उजेडात धरलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाली, "आता हे कधीच फाटणार नाही." त्यानंतर ट्रंकेची किल्ली तिच्या गळ्यात, मंगळसूत्राशेजारी.

पण त्याचं तोंड बघून तिला वाईट वाटत होतं. ते फडक्यात बांधलेलं सोडलं तर ट्रंकेत वाचायचं शेवटचं एक पुस्तक राहिलं होतं. आप्पांनी सगळ्यात मन लावून बांधलेलं तेच. पाठीला खणाचं कापड, कोपऱ्यांना चामडं. तिनं भावाला सांगितलं, "एवढं वाचून होऊ दे. मग सगळी ट्रंक तू ने, काचेत ठेव नाहीतर डोक्यावर घेऊन नाच." तो कबूल झाला. पण म्हणाला, "हे शेवटचं जपून गं. आप्पांनी याच्यावर दिवाळी घालवली होती."

या पुस्तकाचं नाव फाटलेलं, पण लिहिणाऱ्याच्या नावाआधी छापलेलं होतं, कैलासवासी. तिला केवढा आनंद. "छापतानाच मेलेला. असा लेखक मिळायला भाग्य लागतं."

गोष्ट अशी. एका सावकाराचा मुलगा बापाशी भांडून परागंदा होतो. घरात सगळे म्हणतात तो मेला, सुनेनं कुंकू पुसावं. सून म्हणते, मी बघितल्याशिवाय पुसणार नाही. ती पुरुषाचा वेष घेते, घोड्यावर बसते आणि त्याला शोधायला निघते. मग ठग, नदीचा पूर, एक लबाड बैरागी, एका गावात तर तिच्याशी लग्न करायला एक मुलगीच उभी राहते. बूथवाला वेडा झाला होता. दर बाजू भरली की मी कॅसेट नेऊन द्यायचो. तो फोनवाल्यांना थांबवून ऐकायचा. लोक बाहेर ओरडताहेत आणि हा आत म्हणतोय, "थांबा वो, ती पुरात हाय."

मला रोज विचारायचा, "काका, सापडंल का वो त्यो?"

"मला काय ठाऊक."

"मावशीला तरी विचारा."

"तिला पण ठाऊक न्हाई. उलटल्याशिवाय कळत न्हाई."

जाड पुस्तक होतं आणि पानं सगळ्यात वाईट. खेपेला दोन-चार पानं झाली की तिचा दम जायचा. तरी ती थांबायची नाही, कारण तिलाही कळायचं होतं. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणायची, "मला वाटतं त्या बैराग्याला माहीत आहे." मी म्हणायचो, झोप. "नाही, पण त्याच्याकडं ती अंगठी कशी आली?" अशी माणसासारखी माणसं असून सकाळी उठून आम्ही आधी बैराग्याचं बोलायचो, मग चहा.

तर ते पुस्तक थोड्या पानांवर आलं आणि लाईट गेली.

मेव्हणा दुपारीच आला. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. लोक आले, बसले, उठले. शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणली. बूथवाला बायकोचा हात धरून आला. माझ्या शेजारी सतरंजीवर बसला. त्याच्या तोंडावर प्रश्न होता, मला दिसत होता, आणि विचारू नये हे त्याला कळत होतं. उठताना त्यानं माझा खांदा चाचपडून धरला आणि एवढंच म्हणाला, "काका, मावशीला कळलं हुतं का पुढं काय झालं?"

"न्हाई," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि गेला. मला दिवसभर रडू आलं नव्हतं, तेव्हा आलं.

सकाळी लवकर जाग आली. मेव्हणा बाहेरच्या खोलीत चादर ओढून पडला होता. गोधड्या लोकांनी बसायला घेतल्या होत्या, त्या गोळा केल्या, झटकल्या आणि मागच्या खोलीत पुन्हा दोरीवर टाकल्या. खिडकीत उशी कोंबली. पुस्तक होतं तिथंच होतं. टेपही होता तिथंच, आणि लाईट आली होती. मागं घेऊन बघितला नाही. मागं तिचा आवाज होता. तसंच बटण दाबलं आणि वाचायला लागलो.

मी वर्तमानपत्राचा मथळा वाचतो. हे मथळ्यासारखं नव्हतं. बारीक अक्षर, एकात एक अडकलेलं, आणि एक वाक्य सुरू झालं की पान संपेपर्यंत थांबायचं नाव नाही. मी एकेक अक्षर धरून चाललो होतो. एक ओळ वाचून झाली तेव्हा तिच्या सुरुवातीला काय होतं ते विसरलो. पुन्हा वाचली.

बाहेरून चादरीतून आवाज आला, "दाजी, काय करताय?"

"वाचतोय. गप पड."

मी आणखी अर्धी ओळ काढली.

"दाजी, तिथं थांबायचं नसतं. 'उतरून' झाल्यावर थांबा."

"तुला दिसतंय का तिथून?"

"दिसायला कशाला पाहिजे? कानाला कळतंय."

पुढची ओळ माझ्याच्यानं निघेना. जोडाक्षर असं होतं की तीन माणसं एका सायकलीवर बसल्यासारखी. मेव्हणा उठून गोधडीच्या आत आला. डोळे सुजलेले, केस उभे. म्हणाला, "आणा इकडं."

"ते हलवायचं न्हाई. तू हिकडं बस."

तो बसला. त्यानं आधी पुस्तकाच्या पाठीवरून हात फिरवला, खणाच्या कापडावरून. मला वाटलं आता म्हणेल, बास झालं, ठेवून द्या. त्याला तसं म्हणायचा हक्क होता. पुस्तक आता त्याचंच होतं. त्यानं चष्मा लावला आणि वाचायला लागला. सुरुवातीला झेरॉक्सवाल्यासारखं वाचलं, एकामागून एक फटाफट. मी त्याच्या मांडीवर चापट मारली. मग सावकाश वाचू लागला, आणि आवाज तोच. बापाचाच. मी मान खाली घालून बसलो.

पान संपलं. मी उलटलं. ते मधोमध चिरत गेलं, वरपासून खालपर्यंत, आणि अर्धं त्याच्या मांडीवर पडलं. तो थांबला. त्यानं तो तुकडा दोन्ही हातांनी उचलून धरला.

"दाजी."

"वाचलंस न्हवं ते?"

"वाचलं."

"मग झालं त्याचं काम. पुढचं घे."

त्यानं पुढचं घेतलं.

ती सून त्याला शोधून काढते. एका दूरच्या शहरात तो पेढीवर हिशेब लिहीत बसलेला असतो, दाढी वाढलेली, आणि हिला ओळखत नाही. पुरुषाच्या वेषात ती त्याच्या घरी राहते, त्याच्या हातचं जेवते, घरची खुशाली सांगते आणि सांगते, तुझी बायको अजून वाट बघते. तो रडतो आणि निघतो. ती घोडा पिटाळून त्याच्या आधी घरी पोहोचते, लुगडं नेसते आणि तो दारात येतो तेव्हा जात्यावर बसलेली असते. त्याला कधीच सांगत नाही. तिथं पुस्तक संपतं. मेव्हण्यानं शेवटचं पान वाचलं, छापखान्याचं नाव वाचलं आणि चष्मा काढून पुसत बसला. मी कॅसेट काढली.

सुतकात कुणाच्या दारी जायचं नसतं. मी गेलो. बूथवाल्यानं नुकतंच शटर वर केलं होतं. माझी चाल ओळखून उठून उभा राहिला. मी कॅसेट त्याच्या हातात दिली. त्यानं ती दोन्ही हातांनी चाचपली.

"संपलं?"

"संपलं."

"सापडला का त्यो?"

"मी सांगणार न्हाई. ऐक."

"काका, तुमी घरी जा. लोक येतील भेटायला. मी निवांत ऐकतो."

मी त्याच्या बूथमधल्या बाकावर बसलो आणि शटर अर्धं खाली ओढून घेतलं.

"पहिल्यापासनं लाव," मी म्हणालो.